मे महिन्यातला हीटर

हैदराबादेत गाडीला हीटर कशाला लागतो, हे मला विचारू नका. मी रेल्वेत एसी डब्यांची मेकॅनिक आहे, सिकंदराबादला, तीस वर्षं होत आली. लोकांना गार ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम. तरी गेल्या हिवाळ्यात माझे तीन रविवार बरकतपुऱ्यात एका जुन्या विलायती गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणं पडून गेले, आणि ते हीटरच्याच लिव्हरी बदलायला. गाडीच्या प्रेमापोटी गेले असं समजू नका. त्या गाडीचं इंजिन माझ्या वडिलांनी जाळलं, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि ती गाडी मला एकदा आतून बघायची होती.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. आता त्र्याऐंशीचे आहेत, माझ्याकडेच असतात. मूळचे नांदेडकडचे. तरुणपणी हैदराबादला आले आणि बरकतपुऱ्यात एका वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर म्हणून लागले. वकीलसाहेबही मराठीच, पण चार पिढ्या या शहरात मुरलेले. घरात मराठी आणि कोर्टात उर्दू. बंगल्यामागे ड्रायव्हरसाठी दोन खोल्या होत्या, तिथे आम्ही राहायचो. गाडी वकीलसाहेबांनी मायदेशी परतणाऱ्या कुणा इंग्रजाकडून घेतलेली, म्हणून तिला हीटर. घरात त्याचा उपयोग कुणालाच नव्हता. होता फक्त अण्णांना, आणि तोही ऐन उन्हाळ्यात.

हे ऐकून लोक हसतात, म्हणून आधीच सांगून टाकते. गाडीतला हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनचं उकळतं पाणी त्याच्यातून फिरतं आणि ती उष्णता पंख्याने बसणाऱ्यांच्या पायांवर सोडली जाते. चढावर इंजिन तापलं आणि काटा वर सरकायला लागला, की हीटर पूर्ण उघडायचा. आतली माणसं भाजून निघतात, पण इंजिन वाचतं. जुन्या ड्रायव्हरांना हे ठाऊक असायचं. मागच्या सीटवर बसणाऱ्यांना ते पटवणं मुश्किल. वकीलसाहेबांच्या आई तर उघड म्हणायच्या की हा मुद्दाम गरम हवा सोडतो, आपल्याला परेशान करायला. आमच्या लोकांबद्दल त्यांची मतं आधीपासूनच पक्की होती, एवढंच सांगते आणि पुढे जाते.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा वकीलसाहेबांच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी नांदेडची, मुहूर्त मे महिन्यातला. नवरदेव, वकीलसाहेब, त्यांच्या आई, एक आत्या आणि टपावर ट्रंका, अशी गाडी पहाटे निघाली. देगलूरच्या अलीकडे इंजिन जाम झालं आणि गाडी रस्त्यात उभी राहिली. मंडळी एका ट्रकमधून मांडवात पोचली तोवर मुहूर्त टळून गेला होता. आठ दिवसांत आम्हाला खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या.

घराण्याचं म्हणणं असं की ड्रायव्हर पाणी घालायला विसरला. अण्णांचं म्हणणं असं की पाणी दोनदा घातलं, पण काटा चढला तेव्हा हीटरची लिव्हर हलली नाही. आदल्या महिन्यात हलत होती, त्या दिवशी हलली नाही. जोर लावला तर मूठ तुटून हातात आली. मग त्यांनी वकीलसाहेबांना म्हटलं की अर्धा तास थांबू, इंजिन गार होऊ द्या. वकीलसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि चल म्हणाले. ड्रायव्हरने काय करायचं? चालला.

लिव्हरचं कुणालाच खरं वाटलं नाही. वकीलसाहेब म्हणाले, चांगली लिव्हर आपोआप कशी अडकेल, आणि मे महिन्यात हीटर कोण लावतो? बरकतपुरा ते काचीगुडा, जेवढी म्हणून मराठी घरं होती तेवढ्यांत ही गोष्ट पोचली. अण्णांना कुणी गाडीवर ठेवेना. पुढे त्यांनी लॉरी चालवली, मग शाळेची व्हॅन. आईने खोल्या सोडल्याचं दुःख मरेपर्यंत सोडलं नाही. आमच्यापैकी कुणी काही सांडलं, मोडलं आणि वर कारण सांगायला लागलं की आई म्हणायची, "हं, लिव्हर हलली नसेल." मग आम्हीही एकमेकांना तेच म्हणायला लागलो. परीक्षेत मार्क कमी पडले, लिव्हर हलली नाही. दूध उतू गेलं, लिव्हर हलली नाही. अण्णा समोर बसून जेवत असायचे आणि आम्ही पोरं खिदळायचो.

मीही त्यांचं कधी खरं मानलं नव्हतं, हे इथेच कबूल करते. नुसतं मानलं नाही एवढंच नाही, तोंडावर बोलून दाखवलं. बावीस वर्षांपूर्वी मी पहिली गाडी घेतली, सेकंडहँड. नवरा, दोन पोरं आणि अण्णांना घेऊन श्रीशैलमला निघाले. घाटात गाडी तापली, काटा लाल पट्टीत गेला. अण्णा माझ्या शेजारी बसले होते. अगदी हळू आवाजात म्हणाले की एसी बंद कर आणि हीटर पूर्ण लाव. मला आधीच घाम फुटलेला, मागे पोरं रडतायत, माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अण्णा, ज्याने दुसऱ्याचं इंजिन जाळलं त्याने मला शिकवू नये."

गाडी कडेला लावून आम्ही पाऊण तास थांबलो आणि मग निघालो. परतीच्या प्रवासात अण्णा मागे पोरांजवळ बसले. त्यानंतर माझ्या गाडीत ते कधी पुढे बसले नाहीत, आणि कुठल्याही मशिनीबद्दल मला एक शब्द सांगितला नाही. काही वर्षांनी आमच्या डिझेल शेडमधला एक जुना फिटर बोलता बोलता हीच हीटरची युक्ती सांगून गेला. मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी येऊन अण्णांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. युक्ती खरी असली म्हणून लिव्हरची गोष्ट खरी ठरते थोडीच, अशी मीच माझी समजूत घातली.

तर गेल्या नोव्हेंबरात काकांचा फोन आला. काका म्हणजे तेच, वकीलसाहेबांचे चिरंजीव, तेव्हाचे नवरदेव. लहानपणी मी त्यांना छोटे साहेब म्हणायचे. आता मी चोपन्नची आणि ते सत्तरी ओलांडलेले, म्हणून काका. माझा नंबर कुठून मिळवला ते विचारलं नाही. हैदराबादेत मराठी माणसं मोजकी. कुणाचं पोर कुठे चिकटलंय हे सगळ्यांना पाठ असतं. काका म्हणाले, जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे जानेवारीत, तिथले परीक्षक एकेक बटण दाबून बघतात. बाकी गाडी टकाटक झालीय. इंजिन तर त्यांनी लग्नानंतर वर्षभरातच दुसरं टाकलं होतं. फक्त हीटरचा कंट्रोल मोडका. मुलीने इंग्लंडहून नवा सेट पाठवलाय, पण डॅशबोर्ड अक्रोडाच्या लाकडाचा, त्याला एक बारीक चीर, म्हणून गॅरेजवाले हात लावत नाहीत. तू बघशील का?

मी अण्णांना सांगितलं. ते मेथी निवडत होते. कुणाची गाडी, कुठली गाडी, सगळं सांगितलं. म्हणाले, काम हे काम असतं, जा. आणि पुढची जुडी हातात घेतली.

पहिल्या रविवारी गेले तर गाडी जुन्याच शेडमध्ये होती, फक्त रंग नवा. गडद हिरवा होता, तो आता फिकट दुधी झालाय. बंगल्यामागच्या आमच्या दोन खोल्यांच्या जागी पाण्याची टाकी आणि जनरेटर आहे. काकूंनी, म्हणजे नांदेडहून आलेल्या त्याच नवरीने, मला पोहे दिले आणि बसून गप्पा मारल्या. चांगली बाई आहे. काकाही चांगले आहेत, हेच तर अवघड होतं. त्यांनी मला डॅशबोर्ड दाखवला. मधोमध एक लांबट पट्टी, तिच्यात दोन लिव्हरी: वरची गरम पाण्याची, खालची हवा कुठे सोडायची त्याची. खालचीला हस्तिदंती रंगाची मूठ होती. वरचीचं नुसतं लोखंडी टोक बाहेर आलेलं. काकांनी त्या टोकावर बोट ठेवलं.

"ही तुझ्या वडिलांनी तोडलेली," ते म्हणाले. "पण झालं गेलं. मी त्यांना कधीच माफ करून टाकलंय, सांग त्यांना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा स्वतःचा त्या लिव्हरवर विश्वास नव्हता, मी स्वतः बापाला नको ते बोललेली, तरी दुसऱ्या कुणी त्यांना असं फुकटात माफ केलेलं मला सहन होईना. तोंडावर आलं होतं की तुमची माफी तुमच्याकडेच ठेवा. गिळलं. बॅटरी कुठे आहे ते विचारलं आणि कामाला लागले.

त्या दिवशी फार काही झालं नाही. जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असतं, सगळं उलटं, त्यामुळे आधी ते नीट बघून सोडवलं. मग हातमोजे ठेवायचा खण काढला, त्याखालचा पत्रा काढला, आणि पुढची सीट मागे सरकवून, पाय सीटच्या पाठीवर टाकून आत घुसले. चोपन्नाव्या वर्षी मान अशी वाकत नाही. कपाळाला बॅटरीचा दिवा बांधलेला, तोंडावर पन्नास वर्षांची धूळ पडतेय, आणि बाहेरून काका विचारतायत, चहा आणू का. पट्टीच्या मागे दोन नट होते. एक निघाला. दुसरा गंजलेला, त्याला तेल पाजून आठ दिवस तसाच ठेवला.

दुसऱ्या रविवारी तो नटही निघाला. आता पट्टी लाकडातून अलगद बाहेर यायला हवी होती. खालची बाजू आली, वरची येईना. ओढलं असतं तर लाकडाची चीर वाढली असती, म्हणून मी हात आत घालून नुसत्या बोटांनी चाचपलं. वरच्या लिव्हरच्या मागच्या दांड्याला काहीतरी गुंडाळलेलं लागलं. दिवा वळवला. बायंडिंग तार होती. दांडा आणि डॅशबोर्डमागचा लोखंडी कंस, दोन्ही मिळून तीन वेढे, आणि टोकं पक्कडीने घट्ट पिळलेली. लिव्हर बंद जागेवर बांधून टाकलेली होती. समोरून बघणाऱ्याला काही दिसणार नाही, आणि कितीही ओढली तरी हलणार नाही.

अशा जागी, अशी पिळून बांधलेली तार अपघाताने येत नसते. ती कुणीतरी बसवलेली होती आणि समजून उमजून बसवलेली होती. पण केव्हा? लग्नानंतर बांधली असेल तर त्याचा अण्णांच्या गोष्टीशी काही संबंध नव्हता. मी तार कापली आणि खिशात ठेवली. मग ज्या दोन नळकांड्यांतून गरम हवा पायांवर येते, त्यांच्या तोंडाशी हात घातला. दोन्हींत कागदाचे बोळे कोंबलेले. बाहेरचा थर हातात येताच भुगा झाला, पण आतला कागद शाबूत होता. उर्दू वर्तमानपत्र.

उर्दू मी दिवसभर बोलते, पण वाचता येत नाही. काकांना येतं, त्यांच्या घरातल्या मुलांना मौलवी येऊन शिकवून जायचे. मी तो कागद बोनेटवर सपाट केला आणि त्यांना बोलावलं. तारेबद्दल काही बोलले नाही. त्यांनी चष्मा चढवला आणि मजेत वाचायला लागले. सायकलींची जाहिरात, कुठल्याशा कव्वालीच्या जलशाची बातमी, सोन्याचा भाव. काकूही ताकाचे ग्लास घेऊन आल्या आणि ऐकत उभ्या राहिल्या. मी म्हटलं, वर कोपऱ्यात तारीख असेल ती वाचा.

"चौदा अप्रैल," काका म्हणाले. मग साल वाचलं. ते त्यांच्या लग्नाचं साल होतं.

चौदा एप्रिल मला कुणी शिकवायला नको. त्या दिवशी अण्णा गाडीला हात लावत नसत. वर्षातली ती एकच रजा ते मागून घ्यायचे, बाकी दिवाळीलाही गाडीवर असायचे. सकाळी पांढरे कपडे घालून आम्ही सगळे जयंतीला जायचो आणि संध्याकाळी निळा गुलाल अंगावर घेऊन परत यायचो. म्हणजे त्या दिवशी ही गाडी अण्णांनी बाहेर काढली नव्हती. मी खिशातली तार काढून कागदावर ठेवली आणि ती कुठे सापडली ते सांगितलं. मग विचारलं की त्या दिवशी गाडी कोण घेऊन गेलं होतं.

काकांनी तार उचलून बघितली. शेडच्या पायरीवर जाऊन बसले. मला वाटलं, आता म्हणतील की आठवत नाही, इतकी जुनी गोष्ट. पण ते तसं म्हणाले नाहीत, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी सांगितलं की गाडी त्यांनीच नेली होती, जामबागच्या एका उस्तादांकडे, म्हणजे मेकॅनिककडे. आजीने सांगितलं होतं, लग्नाच्या प्रवासात तो ड्रायव्हर हीटर लावेल, शालू घामाने खराब होतील, तर तो असा बंद करून आण की त्याला उघडताच येणार नाही. ड्रायव्हर रजेवर आहे, आजच ने. वकीलसाहेबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते खरंच समजत होते की लिव्हर चांगली आहे.

मी विचारलं, "आणि गाडी बंद पडली तेव्हा?"

"तुझे वडील लिव्हर ओढत होते ना, तेव्हाच मला आठवलं होतं," काका म्हणाले. "मी मागे बसलो होतो, मुंडावळ्या हातात घेऊन. बाबा संतापलेले, आजी रडतेय, मुहूर्त चाललाय. आधी गप्प बसलो. मग लग्न झालं, सगळे तुझ्या वडिलांनाच बोलत होते, तेव्हा सांगायची लाज वाटली. आणि मग इतकी वर्षं गेली की मी विसरलोच गं. खरंच विसरलो."

काकूंनी ताकाचे ग्लास बोनेटवर ठेवले. पंचेचाळीस वर्षं त्यांच्या सासरी आणि माहेरी त्यांच्या टळलेल्या मुहूर्ताची गोष्ट सांगितली जात होती, दर वाढदिवसाला, दर बारशाला, आणि दर वेळी त्यात तो निष्काळजी ड्रायव्हर असायचा. त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि घरात गेल्या.

मला काकांचा राग आला का? आला. तार त्यांच्या अंगावर फेकावी असं वाटलं. त्यांच्या एका गप्प बसण्यात माझ्या आईचं घर गेलं, अण्णांची इज्जत गेली, आणि वर हेच आम्हाला माफ करत होते. पण राग नीट पेटायच्या आत श्रीशैलमचा घाट समोर आला. काका त्या दिवशी गप्प बसले होते. मी तर बोलले होते. त्यांना निदान खरं काय ते माहीत तरी होतं. मला माहीत नसताना मी बापाचा निकाल लावून टाकला होता. मग काकांवर कुठल्या तोंडाने ओरडू?

ते म्हणाले की मी स्वतः येऊन तुझ्या वडिलांना सांगतो, तोवर तू सांगू नकोस. मी हो म्हटलं. माझ्या पोटात काही राहत नाही, घरातले सगळे मला त्यावरून चिडवतात. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. अण्णांना जेवायला वाढताना तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

तिसऱ्या रविवारी सकाळी काम संपवलं. अर्धवट टाकून जायची मला सवय नाही, काकांचं असलं म्हणून काय झालं. नवी पट्टी लाकडात बसवली. नव्या केबली लांब होत्या, त्या मोजून कापल्या. आधी लिव्हर बंद जागेवर ठेवायची, इंजिनकडची गरम पाण्याची तोटी बंद करायची, आणि मगच केबलचा स्क्रू आवळायचा. उलट केलं तर लिव्हर शेवटपर्यंत सरकते पण तोटी अर्धीच उघडते. पट्टीमागचा छोटा बल्ब लावायची विसरले होते, त्यासाठी सगळं पुन्हा सोडलं. स्वतःलाच चार शिव्या घातल्या. शेवटी इंजिन सुरू करून, तापू देऊन वरची लिव्हर सरकवली. लोण्यासारखी सरकली. पायांवर गरम हवा आली, आणि जुन्या धुळीचा वास.

त्याच दुपारी काका घरी आले. काकूही आल्या. अण्णा त्यांना बघून उठून उभे राहिले आणि छोटे साहेब म्हणाले. मला ते बिलकुल आवडलं नाही, पण जुनी सवय ती. काकांनी त्यांना खाली बसवलं, स्वतः समोरच्या खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. आजी, जामबाग, तार, कागद, गाडीतलं गप्प बसणं. काही झाकलं नाही, काही मऊ केलं नाही. तार त्यांनी रुमालात बांधून आणली होती, ती अण्णांच्या हातात दिली. हात जोडले. अण्णांनी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले, आणि बरं झालं सांगितलंत, म्हणाले. मग त्यांनी एकच विचारलं, की उस्तादांनी तोटीही बंद केली होती का नुसती लिव्हरच बांधली होती. मी म्हटलं, नुसती लिव्हर. त्यांनी मान हलवली. चहा झाला. काकू जाताना त्यांच्या पाया पडल्या, तेव्हा मात्र ते गडबडले.

मंडळी गेली. अण्णा खिडकीजवळ बसून ती तार बोटांत फिरवत होते. मला वाटत होतं, त्यांना आनंद होईल. इतक्या वर्षांनी स्वतःचं खरं ठरलं, माणूस निदान दोन शब्द बोलेल, आमच्यावर डाफरेल, बघा मी म्हणत होतो म्हणेल. आम्ही त्यांना किती हसलो होतो, त्याचा हिशोब मागेल. ते तर कसल्याशा विचारात पडल्यासारखे दिसत होते. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

मी म्हटलं, "अण्णा, श्रीशैलमच्या घाटात मी तुम्हाला बोलले, ते माझं चुकलं. फार चुकलं."

"त्या लोकांचं मला काही वाटलं नव्हतं, माय," ते म्हणाले. "तुझी आई बोलायची, तिचंही नाही. तिचं घर गेलं होतं, ती बोलणारच. माझं मला पक्कं ठाऊक होतं, लिव्हर अडकली होती. पण मग तू बोललीस. तू मशिनीतली. मला वाटलं, हिला कळतं. ही म्हणते त्या अर्थी मीच पाणी घालायला विसरलो असणार, आणि लिव्हरचं माझं मीच मनाशी रचलं असणार."

मी विचारलं, "म्हणजे तेव्हापासून?"

"तेव्हापासून. मूठ हातात आल्याचं आठवायचं, पण तेही खरं वाटेनासं झालं होतं."

त्यांनी तार माझ्या हातात दिली आणि पुन्हा विचारलं की ती नक्की दांड्यालाच बांधलेली होती ना, मी डोळ्यांनी बघितली ना. मी हो म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. माझा बाप पंचेचाळीस वर्षं आपलं म्हणणं धरून बसलाय, असं मी समजत होते. त्यांनी ते बावीस वर्षांपूर्वीच सोडून दिलं होतं, माझ्या शब्दावर.